दहा सेंटिमीटर

डॉक्टर बेर्रिननं एक कागद दिला.
त्यावर आडवी रेघ, बरोब्बर दहा सेंटिमीटर.
डाव्या टोकाला : अजिबात दुखत नाही.
उजव्या टोकाला : याहून जास्त दुखूच शकत नाही.
रोज रात्री, नुरजिहान हानिम,
मधे कुठंतरी एक फुली मारायची.
सात दिवस.

पहिल्या रात्री मी तीनवर मारली.
तार बसवून चारच तास झालेले,
आणि मनात आलं, हे एवढंच?
दोन बाळंतपणं काढलीत मी.

सकाळी उठले तर दात माझे नव्हतेच.
पावाचा मऊ भाग चहात बुडवला,
जिभेनं टाळूवर दाबला,
गिळला.

कारखान्यात पट्ट्यावरून हेझलनट वाहतच होते.
खवट, किडके, सुरकुतलेले वेचायचे,
एकवीस वर्षं हेच.
शंका आली की दाताखाली फोडून बघायचं.
त्यानंच वाकडे झाले, असं आई म्हणायची.
मुळातच होते खरं तर,
ओर्दूच्या उतारावरच्या घरांसारखे
एकमेकांच्या खांद्यावर रेललेले.
लेकीच्या लग्नाच्या एकूणएक फोटोत
माझा हात तोंडावर आहे.

दात आहेत तर दाणे नाहीत, म्हणतात.
माझ्याकडे दोन्ही. पट्टा भरून दाणे.
भेट तेवढी व्हायची नाही
दोन वर्षं.

शुक्रान म्हणाली, त्रेचाळिसाव्या वर्षी?
परत नवरी व्हायचंय का?
मी हसले, तारेचं टोक गालात आतून रुतलं,
हसू तिथंच ठेवून दिलं.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी प्रश्न.
झोप लागली का? पोटभर जेवलात का?
चारचौघांत बोलायचं टाळलंत का?
माझ्या स मधून शीळ वाजते
आणि मुकादमाचं नाव आहे सेझाई.
दिवसभर त्याला नुसतं, अहो, अहो.
टाळलं, असं लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

तिसऱ्या रात्री तीन वाजता कुझेय रडायला लागला.
सात महिन्यांचा नातू. गुलिझार इस्पितळात, रात्रपाळीला.
त्याच्या खालच्या हिरडीवर
तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी.
फ्रीजरमधून दोन चमचे काढले,
एक त्याच्या तोंडात, एक माझ्या.
खिडकीशी बसलो.
बाहेर काळा समुद्र, नावासारखाच,
आणि लांबवर एका जहाजाचा दिवा, जो हलत नव्हता
किंवा फार हळू हलत होता.

डॉक्टर म्हणाली होती,
दात सरकतो म्हणजे एका बाजूचं हाड विरघळतं
आणि दुसऱ्या बाजूला नवं भरून येतं.
माझ्या वयात? मी विचारलं होतं.
तिनं चष्मा पुसला.
थोडं हळू, पण हो.

चमचा कोमट झाला की तो रडे.
मग मी बदलून आणी. माझाही.
कण्हणं एकाचं चालू की दोघांचं,
शेजारच्यांना कळलं नसणार.
त्याला कुणी रेघ आखून दिलेली नाही.
मी माझ्याच रेघेवर सहाला फुली मारली,
आणि पुढं, नऊच्या जवळ, एक बारकी, त्याची.

चौथ्या दिवशी पाच. पाचव्या दिवशीही पाच,
हे मला अन्यायाचं वाटलं.
सहाव्या दिवशी मसूरचं सूप गाळलं नाही, तसंच खाल्लं.
गालाच्या आत मेणाचा गोळा लावायला विसरले
आणि दुपारपर्यंत आठवलंच नाही.

आठव्या दिवशी डॉक्टर बेर्रिन कागद बघत होती.
बोट तिसऱ्या रेघेवर थांबलं.
दोन फुल्या कशा? यातली तुमची कोणती?
मोठी असेल ती, मी म्हणाले.
मग तिनं कागद माझ्याकडे वळवला,
आणि मी बघत राहिले.